तालुक्याच्या गावात तरुणांचा सांस्कृतिक गट कसा उभा करायचा आणि टिकवायचा, सगळं सविस्तर

गणपती, नवरात्र, दहीहंडी आणि कुठल्यातरी दादांचा वाढदिवस, तालुक्याच्या गावात विशी-बाविशीच्या पोरांना एकत्र यायला एवढीच निमित्तं उरलीयत, आणि पोरींना तर तीही धड नाहीत. पण त्याच गावात कोणीतरी कविता लिहून फोनमध्ये लपवून ठेवतं, कोणी रॅप करतं, कोणाला पाण्याच्या टाकीचं काम का रखडलंय हे विचारायचं असतं, कोणाला नुसतंच चार वेगळी पुस्तकं वाचून त्यावर बोलायचं असतं, आणि ही सगळी एकमेकांना ओळखत नसतात. त्यांना एका जागी आणायचं आणि त्यातून नाटक, गाणी, अंक, वाचन आणि जोडीला गावच्या प्रश्नावर काम असं काहीतरी उभं करायचं, याला मी पर्यायी सांस्कृतिक गट म्हणतोय. सातारा जिल्ह्यात बरीच वर्षं अशा गटांबरोबर काम करतोय, आजूबाजूच्या तालुक्यातली पोरं विचारत राहतात की सुरुवात कशी करू, परवानगी कोणाची, नोंदणी लागते का, पैसे कुठून आणायचे, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, कारण घरचे आणि गावातले लोक पहिल्यांदा हेच म्हणणार की हे काय पुण्या-मुंबईचं खूळ आणलंय. हे खूळ आपल्याच मातीतलं आहे. सत्यशोधक समाज १८७३ साली स्थापन झाला आणि पुढे त्याचे जलसे तमाशाच्या बाजात गावोगाव फिरले. त्यानंतर आंबेडकरी जलसे आले, नाशिककडच्या भीमराव कर्डकांचं नाव त्यात मोठं आहे. १९४४ ला अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकरांनी लाल बावटा कलापथक काढलं. राष्ट्र सेवा दल १९४१ पासूनचं, त्याच्या कलापथकात वसंत बापट, लीलाधर हेगडे होते, निळू फुले आणि राम नगरकर त्याच मुशीतून आले. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरचं मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याआधी काही महिने ते महाराष्ट्रभर फिरत होते आणि सेवा दलाचं कलापथक त्यांच्यासोबत होतं, हे फार जण सांगत नाहीत. मागणी पंढरपुरात पोचायच्या आधी गाणी गावागावात जाऊन आली होती.

या सगळ्यांना बघून आणि आताचे चालू-बंद पडलेले गट बघून माझं ठाम मत झालंय की गट ठरलेल्या वाराने टिकतो. सेवा दलाची शाखा ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळी भरायची, कार्यक्रम असो नसो. आता पोरं उलटं करतात, आधी नाव, लोगो, इन्स्टा पेज, मग एक दणक्यात कार्यक्रम, मग सगळे दमतात आणि तिसऱ्या महिन्यात ग्रुपवर फक्त गुड मॉर्निंग उरतं. म्हणून खालचा क्रम शक्यतो मोडू नका.

पहिले सात जण

सुरुवातीला सात-आठ जण पुरे. पण ते सगळे एकाच गल्लीतले, एकाच जातीतले, एकाच कट्ट्यावरचे असतील तर तो तुमचा मित्रांचा ग्रुप झाला, गट नाही, आणि बाहेरचा माणूस पुढे त्यात कधीच शिरत नाही. त्यामुळे पहिल्या दिवसापासून ठरवून माणसं शोधा. कॉलेजच्या एकांकिकेत काम केलेला एखादा असतोच, पुरुषोत्तम करंडक किंवा राज्य नाट्य स्पर्धेला जाऊन आलेला आणि आता बापाच्या दुकानात बसलेला, त्याला गाठा. भजनी मंडळात पखवाज वाजवणारा पोरगा, हलगीवाला, वस्तीतली जयंतीची गाणी बसवणारी मुलगी, बचतगटाचा हिशोब लिहिणारी एखादी ताई. वाड्या-वस्त्यांवरनं येणारी निदान दोघं हवीतच.

मुलींचं तर खास सांगतो. 'आधी सुरू करू, मग मुली येतील' असं म्हणलं की त्या कधीच येत नाहीत. पहिल्या सातात तीन मुली असू द्या आणि बैठकीची वेळ त्यांच्या शेवटच्या एसटीवरून ठरवा. रात्री आठची बैठक म्हणजे मुलींना दार बंद, सरळ हिशोब आहे. रविवारी सकाळी दहा ते साडेअकरा ही वेळ बहुतेक ठिकाणी जमते. त्यांच्या घरी जाऊन बसा, चहा घ्या, काय करणार ते आई-वडिलांना नीट सांगा आणि पहिल्या एक-दोन बैठकांना त्यांनाच बोलवा. एकदा आईने येऊन बघितलं की अर्धी काळजी मिटते. १८ वर्षांखालचं कोणी असेल तर पालकांची लेखी संमती घ्या, बाहेरगावी प्रयोग असेल तर प्रत्येक वेळी वेगळी घ्या, आणि त्यांचे फोटो विचारल्याशिवाय कुठेच टाकू नका.

जागा

जागेला भाडं देऊ नका, सुरुवातीला तर अजिबात नाही. सगळ्यात चांगली जागा गावचं सार्वजनिक ग्रंथालय. बऱ्याच ठिकाणी ते सकाळ-संध्याकाळ दोन-तीन तास उघडं असतं आणि बाकी वेळ कुलूप. ग्रंथपालांना भेटा, सांगा की आम्ही आठवड्यातून दीड तास बसणार, बदल्यात पुस्तकं लावून देऊ, नोंदी करून देऊ, सभासद वाढवून देऊ. सभासद वाढले तर त्यांनाही हवंच असतं. दुसरा पर्याय जिल्हा परिषदेच्या शाळेचा वर्ग, मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला लेखी अर्ज करून. समाजमंदिर चालतं, पण तिथे गावातले सगळे खरंच येऊन बसतात का ते आधी बघा, आणि देवळाच्या ओट्याचंही तेच. जिथे एकालाही दारात थबकायला होईल ती जागा आपली नाही. एखाद्या नेत्याचं संपर्क कार्यालय फुकट मिळत असेल तरी घेऊ नका, निवडणूक आली की तुमचा गट त्यांचा झालेला असतो आणि तुम्हाला कोणी विचारलेलंही नसतं.

बैठकीत करायचं काय

दीड तास पुरतो. सगळे गोल बसा, खाली बसा, खुर्च्या मांडल्या की पुढचे-मागचे तयार होतात. पहिली १५ मिनिटं गाणं, कुठलंही, पण सगळ्यांनी मिळून. मग एकाने आठवड्यात वाचलेलं किंवा ऐकलेलं दहा मिनिटांत सांगायचं, त्यावर बोलायचं. मग पाऊण तास हातातलं काम, म्हणजे तालीम, अंक, जे चालू असेल ते. शेवटची १५ मिनिटं पुढच्या आठवड्यात कोण काय करणार ते वहीत लिहायचं, नावासकट. बैठक चालवणारा दर आठवड्याला बदला, अगदी बुजणाऱ्या पोरीवरही पाळी येऊ द्या, शेजारी कोणीतरी बसा मदतीला. जो सगळ्यात छान बोलतो त्याच्याकडेच कायम माईक राहिला तर वर्षभराने तो पुण्याला जातो आणि मागे बोलणारं कोणीच उरत नाही.

उपस्थिती लिहा. कंटाळवाणं वाटतं पण पुढे नोंदणी करताना, शाळेला पत्र देताना, एखाद्या पालकाला दाखवताना ही वहीच कामी येते. आणि चौघंच आले तरी बैठक घ्या. चौघांत घेतलेली बैठक कळली की पुढच्या वेळी बाकीचे येतात, रद्द केलेली कळली की तेही सुटतात.

पहिलं काम छोटं करा, एक कागदाचा अंक

पहिलंच काम म्हणून मोठा कार्यक्रम नको. एका ए-फोर कागदाचा आठ पानी अंक काढा, त्यात लिहिणारे, चित्र काढणारे, अक्षर चांगलं असणारे, वाटणारे सगळे लागतात आणि हरण्यासारखं काही नसतं. मराठीत साठीच्या दशकातली लघुअनियतकालिकं अशीच निघायची, सायक्लोस्टाइलवर, पदरच्या पैशांनी, मोठी मासिकं छापत नाहीत म्हणून, आणि त्यातून आलेल्या कवींनी पुढे मराठी कवितेची दिशा बदलली.

करायचं असं. कोरा कागद तीनदा अर्धा-अर्धा दुमडा, उघडला की आठ चौकोन दिसतील. आता कागदाच्या दोन अरुंद कडा जुळवून तो एकदाच दुमडा आणि दुमडलेल्या बाजूकडून मधल्या घडीवरून एक चौकोन संपेपर्यंत कात्री चालवा, पुढे नाही. कागद उघडा, आता लांबीत दुमडा, दोन्ही टोकं आत ढकला, मधला काप फुगून उघडतो, चारही पाकळ्या एका दिशेला वळवल्या की पुस्तिका तयार. पिनही लागत नाही. आता त्याच कोऱ्या पुस्तिकेवर पेन्सिलीने १ ते ८ आकडे घाला आणि परत उघडून बघा, चार पानं उलटी आलेली दिसतील, म्हणजे मूळ कागदावर कुठला मजकूर उलटा लिहायचा ते कळलं. हाताने लिहा, काळ्या पेनने, कडेला एक सेंटीमीटर सोडून, कारण झेरॉक्स मशीन कडा खातं. एका बाजूची झेरॉक्स दोन रुपये धरली तर १०० प्रतींचे २०० रुपये होतात. शेवटच्या पानावर गटाचं नाव, गाव आणि महिना टाका.

मजकूर गावातलाच घ्या. आजीची ओवी, ऊसतोडीला जाऊन आलेल्या पोराचं एक पान, गावातल्या बंद पडलेल्या टॉकीजची माहिती, एक कविता, एक प्रश्न. मोठमोठ्या विचारवंतांची वाक्यं भरू नका, ती लोकांना फॉरवर्डमध्ये मिळतातच. फक्त एक लक्षात ठेवा, ठरलेल्या मुदतीने बातम्या आणि त्यावरचं भाष्य छापायला लागलात तर ते नियतकालिक होतं आणि २०२३ च्या नव्या कायद्याप्रमाणे त्याची नोंदणी लागते. कविता, गोष्टी, आठवणींचा अधूनमधून निघणारा अंक काढताना त्याची काळजी नको.

पथनाट्य

हे जरा सविस्तर सांगतो कारण गावात गटाची ओळख यानेच होते. लिहिलेलं नाटक घेऊन बसवण्यापेक्षा तालमीतून बसवा. एका गटाने मुलींच्या एसटीवर केलं होतं. तालमीत एक मुलगी दप्तर घेऊन उभी, दोन पोरांचे हात म्हणजे बसचं दार, हलगीचा ठेका म्हणजे इंजिन. ती चढायला जाते आणि दार मिटतं, परत जाते, परत मिटतं. बाजाराच्या दिवशी पहिला प्रयोग झाला तेव्हा पुढे बसलेल्या एक आजी मोठ्याने म्हणल्या, 'अगं गेली की तुझी बस, आता चालत जा माझ्यासारखी!' सगळा घोळका हसला, आणि पुढच्या प्रयोगापासून तेच वाक्य नाटकात आलं, म्हातारीचं पात्रच तयार झालं. अशी वाक्यं घरात बसून सुचत नाहीत, म्हणून पहिला प्रयोग झाल्यावर नाटक संपलं असं समजू नका, ते तेव्हा लिहायला सुरुवात होते.

लांबी २० ते २५ मिनिटं. हलगी किंवा डफ १० मिनिटं आधी वाजवायला लागा, पोरं आधी गोळा होतात, मग बाया, मग पुरुष मागे उभे राहतात. पोरांना पुढे बसवून घ्या म्हणजे गोल आपोआप आखला जातो. सगळीकडे माणसं असतात त्यामुळे कोणाकडेतरी पाठ होणारच, प्रत्येक वाक्याला थोडं फिरायची सवय लावा. माईक टाळा, आवाज पोचत नसेल तर वाक्य छोटं करा आणि तिघांनी मिळून म्हणा. बाजार भरात असताना करू नका, विकणाऱ्याचं नुकसान होतं आणि तो चिडतो, बाजार उलगायच्या आधी तासभर बरोबर वेळ. गटातला एक जण नाटकात नको, तो कडेला उभा, अर्जाची पोच खिशात, पोलीस आले, कोणी दारू पिऊन आलं, कोणी वाद घालायला लागलं तर तोच बोलणार. नाटक संपल्यावर सामान आवरून पळू नका, अर्धा तास तिथेच थांबा. लोक तेव्हाच येऊन खरं सांगतात.

जपून करा हे मनापासून सांगतो. पथनाट्य करणारे सफदर हाश्मी आणि त्यांच्या जन नाट्य मंच या गटाच्या कलाकारांवर १ जानेवारी १९८९ ला दिल्लीजवळ साहिबाबादच्या झंडापूर वस्तीत नाटक चालू असताना हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी सफदर गेले, ३४ वर्षांचे होते. ४ जानेवारीला त्यांच्या पत्नी मोलोयश्री आणि बाकीच्या साथींनी त्याच जागी जाऊन अर्धवट राहिलेलं नाटक पूर्ण केलं. त्यांचं धैर्य डोक्यात ठेवा, पण १९-२० वर्षांच्या पोरीपोरांना पुढे करताना वातावरण तापलेलं असेल तर प्रयोग पुढे ढकलायला लाजू नका. गावात नुकताच काही तणाव झालाय, मिरवणुकीवरनं वाद झालाय, तर चार आठवडे थांबा, नाटक कुठे जात नाही.

परवानग्या

पोलीस ठाण्यात आठ दिवस आधी साध्या कागदावर अर्ज द्या, दिवस, वेळ, जागा, विषय, किती जण, जबाबदार दोघांचे नंबर. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घ्या, ही पोच म्हणजे तुमचं सगळ्यात महत्त्वाचं कागदपत्र. जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावबंदी चालू आहे का तेही तिथेच विचारा, ती बऱ्याचदा लागलेली असते आणि पाच किंवा जास्त लोकांनी जमायला परवानगी लागते. जागा ग्रामपंचायतीची असेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक), स्टँडच्या आवारात करायचं तर आगारप्रमुखांना वेगळा अर्ज. लाऊडस्पीकर लावणार असाल तर त्याची परवानगी वेगळी, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर बंदच, आणि दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्यापासून १०० मीटर शांतता क्षेत्र असतं.

रंगमंचावर नाटक करायचं असेल तर महाराष्ट्रात संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. हे पोरांना आयत्या वेळी कळतं आणि हॉलवाला प्रमाणपत्राशिवाय दार उघडत नाही, तर संहिता पक्की झाली की लगेच पाठवा.

दुसऱ्याचं लिखाण वापरताना कॉपीराइट बघा. लेखक गेल्यानंतरचं वर्ष धरून पुढची ६० वर्षं हक्क वारसांकडे असतात. साने गुरुजी १९५० ला गेले, त्यांचं साहित्य २०११ पासून मोकळं आहे. अण्णाभाऊ १९६९ ला गेले, म्हणजे त्यांचं २०२९ संपेपर्यंत मोकळं नाही. हौशी संस्थेने तिकीट न लावता फुकट प्रेक्षकांसमोर प्रयोग केला तर कायद्यात सूट आहे, पण लेखक हयात असेल तर एक फोन करा, बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात आणि कधीकधी प्रयोगालाही येतात. सिनेमा दाखवायचा तर तुमच्या खात्यावर प्लॅटफॉर्मवर दिसतो म्हणून चौकात पडदा लावून दाखवता येत नाही. आपल्या भागात शॉर्टफिल्म करणारी पोरं आहेत, त्यांच्याकडून लेखी परवानगी घ्या आणि त्यांनाच बोलवा, गप्पाही होतात.

गावचा प्रश्न हातात घेताना

एका वेळी एकच प्रश्न, आणि असा की जो सहा महिन्यांत हलू शकतो. 'शिक्षणव्यवस्था' हा विषय घेऊन काही होत नाही, 'संध्याकाळची पाचची एसटी कॉलेज सुटल्यावर दहा मिनिटांनी सोडा' हे होतं. वरच्या नाटकाचंच बघा. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे, पण बसच वेळेवर नसेल तर पासाचं करायचं काय? गटाने महिनाभर बस किती वाजता येते त्याची रोज नोंद ठेवली, मुलींनीच ठेवली, मग माहिती अधिकारात वेळापत्रक आणि रद्द झालेल्या फेऱ्या मागवल्या, मग नाटक, मग सह्यांचं निवेदन. हा क्रम चांगला आहे कारण निवेदन देताना हातात वही असते, आणि वहीपुढे साहेबाला बोलताना विचार करावा लागतो.

माहिती अधिकाराचा अर्ज अवघड नाही. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तोही नाही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही की पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपये. 'का केलं नाही' असं विचारू नका, 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच्या नोंदीची प्रत द्या' असं विचारा. अर्ज संस्थेच्या नावाने न करता व्यक्तीच्या नावाने करा, माहिती मागायचा हक्क नागरिकाला आहे.

ग्रामसभा विसरू नका. वर्षाला निदान चार होतात, साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास. मतदार यादीत नाव असलेला १८ वर्षांचा पोरगा-पोरगी तिचे सभासद असतात, तरी तिथे तरुण दिसत नाहीत. विषय आधी लेखी देऊन ठेवा, सगळे एकत्र बसा, एकानेच बोला आणि ठराव इतिवृत्तात लिहिला जाईपर्यंत उठू नका. गाव नगरपंचायतीत गेलं असेल तर ग्रामसभा नाही, मग मुख्याधिकारी आणि वॉर्डाचे नगरसेवक यांच्याकडे निवेदन.

पैसे

सुरुवातीचं वर्ष आपसातली वर्गणी पुरते, महिना ५० रुपये, ज्याला जमत नाही त्याने देऊ नये आणि कोणी दिले नाहीत हे खजिनदाराशिवाय कोणाला कळू नये. पैसे एकाच्या फोन-पेवर गोळा होत असतील तर दर रविवारी वहीच्या पानाचा फोटो ग्रुपवर टाका, जमा, खर्च, शिल्लक. २० रुपयांच्या चहाचीही नोंद. गट फुटतात ते विचारांवरून कमी आणि हिशोबावरून जास्त, हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय की यात सूट अजिबात देऊ नका. शक्य असेल तर दोघांच्या नावावर संयुक्त बचत खातं काढा, दोघांच्या सहीशिवाय पैसे निघू नयेत असं.

गावात पावतीपुस्तक घेऊन फिरायचं असेल तर थांबा. नोंदणी नसलेल्या गटाने लोकांकडून वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्तांची कलम ४१ क खालची परवानगी लागते, गणेश मंडळं घेतात तीच, ऑनलाइन अर्ज होतो. नंतर हिशोबही द्यावा लागतो. नेत्यांकडून पैसे घेऊ नका असं मी सांगेन, पण घेतलेच तर रोख नको, पावती द्या, आणि बॅनरवर फोटो येणार नाही हे आधी सांगा. बहुतेक जण तिथेच मागे हटतात आणि बरंच होतं.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. कोणाचा मामा अमेरिकेत असतो, काका दुबईत, त्यांना गावासाठी काही करायची खूप इच्छा असते आणि ते पैसे पाठवतो म्हणतात. त्यांचा पासपोर्ट भारतीय असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असतील तर चालतं. पण तिकडचं नागरिकत्व घेतलेलं असेल तर, ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीयांना मिळणारं) असलं तरी, ती परदेशी देणगी होते आणि एफसीआरए म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी असल्याशिवाय एक रुपयाही घेता येत नाही. त्यांना म्हणा पुस्तकांची यादी करून द्या, आमच्या पोरांशी ऑनलाइन तासभर बोला, ते जास्त उपयोगाचं आहे.

नोंदणी कधी आणि कशी

निदान एक वर्ष बैठका सलग झाल्यावरच. नोंदणी केली की दरवर्षीचे कागद मागे लागतात आणि गट बंद पडला तरी ते सुटत नाहीत. स्वतःची जागा, अनुदान, मोठी देणगी किंवा शाळांबरोबर करार असं काही दिसायला लागलं की करा.

सात जण लागतात, सगळे सज्ञान. संस्था नोंदणी कायदा १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० अशा दोन नोंदण्या, दोन्ही जिल्ह्याच्या सहायक धर्मादाय आयुक्त कार्यालयातच होतात. नावं तीन-चार सुचवा, मिळतंजुळतं असेल तर नाकारतात. उद्देश आणि नियमावली, सातही जणांचे ओळखपत्र-फोटो, पत्त्याच्या जागेचं लाइट बिल आणि मालकाचं ना-हरकत पत्र, प्रतिज्ञापत्र एवढं साधारण लागतं. एजंट तयार नियमावली देतात, ती तशीच उचलू नका, तिच्यात अध्यक्ष कायमचे राजे असतात. समितीची मुदत तीन वर्षं ठेवा, लागोपाठ दोनदाच एक पद, सभेला किती सभासद हजर हवेत, कोणाला काढायचं तर कसं, आणि समितीत निदान अर्ध्या मुली, हे स्वतः बसून लिहा. एकाच घरातले दोघं सातात घेऊ नका.

नोंदणीनंतर तीन तारखा. हिशोब ३१ मार्चला बंद, पुढच्या सहा महिन्यांत लेखापरीक्षण, आणि समितीत कोणीही बदललं की ९० दिवसांत बदल अर्ज. हा बदल अर्ज राहून गेला की पाच वर्षांनी कागदोपत्री अजून तेच जुने विश्वस्त असतात, त्यातला एक कॅनडात, आणि बँक सही मान्य करत नाही. देणगीदाराला करसवलत हवी असेल तर प्राप्तिकर खात्याकडची संस्थेची नोंदणी (१२एबी) आणि देणगीवरच्या सवलतीची मंजुरी (८०जी) नंतर काढा, घाई नको, आणि ८०जी असलं तरी २,००० रुपयांच्या वर रोख दिलेल्या देणगीला सवलत मिळत नाही हे देणाऱ्याला सांगा.

भांडणं आणि तक्रारी

मुलं-मुली एकत्र काम करतात तिथे प्रेमही होतं, गावात चर्चाही होते. कोणावर बंधनं घालू नका, पण त्रास होत असेल तर सांगायला माणूस हवं. दोन बायकांची नावं पहिल्याच महिन्यात जाहीर करा, त्यातली एक गटाबाहेरची, शिक्षिका, वकील, आशाताई, कोणीही जिच्याशी मुली मोकळं बोलतील. लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती कायद्याने दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे बंधनकारक आहे, आपल्याकडे कर्मचारी नसले तरी ही सोय हवीच. तक्रार आली की आधी मुलीचं ऐका, गटाची बदनामी होईल हा विषय त्या खोलीत काढायचाच नाही. मुलगी-मुलगा १८ च्या आतला असेल आणि लैंगिक त्रासाची गोष्ट असेल तर पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं, आपसात मिटवायचा अधिकार कोणालाच नाही.

जातीवरून टोमणा मारला तर त्याच बैठकीत थांबवा, नंतर बाजूला घेऊन समजावू असं करू नका, कारण ज्याला लागला तो पुढच्या रविवारी येत नाही. राजकीय मतं वेगळी असणारच, असू द्या. फक्त गटाच्या नावाने कोणाचा प्रचार नाही आणि समितीतल्या कोणी निवडणूक लढवली तर तेवढ्यापुरता पदाचा राजीनामा, हे लेखी ठेवा.

पोरं गाव सोडतात तेव्हा

दर जूनमध्ये अर्धा गट जातो. कोणी इंजिनिअरिंगला, कोणी पुण्यात एमपीएससीला, कोणाचं लग्न. हे होणारच आहे असं धरून पहिल्यापासून प्रत्येक कामाला दोघं लावा, एक जुना आणि एक अकरावी-बारावीतला. हिशोब वही, हजेरी, पोच मिळालेले अर्ज, अंकाच्या मूळ प्रती, नाटकाची शेवटची संहिता हे सगळं एका पत्र्याच्या पेटीत, पेटी ग्रंथालयात, किल्ल्या दोघांकडे. फोनमध्ये असलेली गोष्ट फोन बदलला की जाते.

गेलेल्यांना सोडू नका पण त्यांच्याकडून गावच्या कामाची अपेक्षाही ठेवू नका. अंकाची जुळवणी, अर्जांचा मसुदा तपासणं, पुण्यातून पुस्तकं आणणं ही कामं ते लांबून करतात आणि आवडीने करतात. आणि वार्षिक सभा दिवाळीत ठेवा, तेव्हा सगळे घरी असतात आणि सभेला लागणारी संख्या आपोआप भरते. लेखापरीक्षण ३० सप्टेंबरपर्यंत झालेलं असतं त्यामुळे हिशोब मांडायला तयार असतो, नवी समिती तिथेच निवडा म्हणजे बदल अर्ज ९० दिवसांच्या आत आरामात जातो. भाऊबीजेचा दिवस टाळा, दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या, पुण्याला परतणाऱ्यांची गाडी बहुतेक संध्याकाळची असते. नोटीस १५ दिवस आधी, ग्रुपवर आणि ग्रंथालयाच्या फळ्यावर दोन्हीकडे.